फिर्यादीतून गळलेलं कलम : अरुणा शानबाग प्रकरण

अरुणा शानबाग हे नाव काढलं की पुढचा शब्द ठरलेला असतो, दयामरण. कायद्याच्या वर्गात, स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये, वर्तमानपत्रांच्या स्मृतिलेखांत, सगळीकडे तेच. २०११ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, निष्क्रिय दयामरणाची (जगवणारे उपचार थांबवून मृत्यू येऊ देण्याची) मार्गदर्शक तत्त्वं, मग २०१८ चा घटनापीठाचा निर्णय. या गर्दीत एक साधी गोष्ट मागे पडते. ती एका सार्वजनिक रुग्णालयातली स्टाफ नर्स होती, ड्यूटी संपवून कपडे बदलत होती, आणि तिच्यावर हल्ला करणारा तिथलाच कर्मचारी होता. दयामरणाचा प्रश्न या प्रकरणात ३६ वर्षांनी आला. त्याआधीचं सगळं कामाच्या जागी झालेल्या गुन्ह्याचं प्रकरण आहे. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संरक्षणाबद्दल आज जे काही बोललं जातं ते तपासायला यापेक्षा बरी कसोटी मला माहीत नाही.

त्यामुळे इथे तोच भाग उलगडतेय. दयामरणाबद्दल लागेल तेवढंच.

२७ नोव्हेंबर १९७३

अरुणा उत्तर कन्नडमधल्या हळदीपूरची. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात नर्स होती, वय पंचविशीचं, लग्न ठरलेलं. रुग्णालय महापालिकेचं. त्या काळात तिची ड्यूटी शस्त्रक्रिया विभागाच्या त्या प्रयोगशाळेत होती जिथे कुत्र्यांवर प्रयोग चालत. तिथल्या एका सफाई कामगाराशी तिचे खटके उडत. कुत्र्यांसाठी आलेलं खाणं तो पळवतो म्हणून तिने त्याला फटकारलं होतं आणि वर कळवण्याची ताकीद दिली होती, असं तेव्हापासून सांगितलं जातं.

त्या संध्याकाळी ती तळघरात कपडे बदलत असताना त्याने कुत्र्याची साखळी तिच्या गळ्यात टाकून आवळली. आधी त्याने बलात्काराचा प्रयत्न केला. तिची पाळी सुरू असल्याचं दिसल्यावर त्याने गुदमैथुन केला. साखळीचा फास तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला एका सफाई कर्मचाऱ्याला ती रक्ताच्या थारोळ्यात बेशुद्ध सापडली.

गळा आवळल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला होता. मेंदूच्या देठाला मार, मानेच्या मज्जारज्जूला इजा, आणि दृष्टी गेलेली. डोळे शाबूत होते, पण डोळ्यांनी पाठवलेलं मेंदूला कळत नव्हतं. वाचा गेली ती कायमची. म्हणजे घटना सांगू शकणारी एकमेव व्यक्ती पहिल्याच रात्री साक्षीतून बाद झाली. पुढच्या खटल्याचं काय होणार होतं ते इथेच बरंचसं ठरलं होतं.

रात्रभर ती तिथे पडून होती, हा तपशील मला नेहमी अडकवतो. इतक्या मोठ्या इस्पितळात, जिथे रात्रीही शेकडो माणसं जागी असतात, ड्यूटी संपलेली नर्स घरी पोचली की नाही हे बघणं कुणाच्याच कामात बसत नव्हतं. रुग्णाचा हँडओव्हर होतो, औषधांच्या कपाटाच्या किल्लीचाही होतो. नर्सचा होत नाही.

तक्रारीचा कागद

पोलिसांकडे जी तक्रार गेली ती जबरी चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाची. लैंगिक अत्याचाराचा त्यात उल्लेख नव्हता. तेव्हाच्या डीननी तो गाळला, कारण मुलीची बदनामी होईल, ठरलेलं लग्न मोडेल, ही भीती. हेतू चांगला होता असं मानायला माझी हरकत नाही. १९७३ साली बऱ्याच घरांतून हेच सांगितलं गेलं असतं. पण बापाने असं वागणं वेगळं आणि मालकाने असं वागणं वेगळं.

इथे जरा थांबायला हवं. या एका संस्थेच्या डोक्यावर त्या सकाळी किती टोप्या होत्या बघा. तिची नोकरी तिथली. गुन्ह्याची जागा तिथली. आरोपी तिथला. तिच्यावर उपचार करणारे, जखमा तपासून नोंदवणारे तिथलेच, म्हणजे वैद्यकीय पुरावा हातात असणारेही तेच. आणि फिर्याद द्यायची तीही त्यांनीच. बाहेरच्या कुणावर असा अत्याचार होऊन ती दाखल झाली असती तर एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद, झाली असती, पोलीस आले असते, डॉक्टरने जे दिसलं ते लिहिलं असतं, कारण लपवण्यात डॉक्टरचं काहीच नव्हतं. आपल्याच कर्मचाऱ्याच्या बाबतीत मात्र रुग्णालय एकाच वेळी पालक, पक्षकार आणि साक्षीदार होऊन बसतं. या तिन्ही भूमिका एकाच टेबलावर आल्या की कागद कुठे पातळ होणार हे सांगायला वकील लागत नाही.

तेव्हाचा कायदाही अरुंद होता. भारतीय दंड संहितेच्या कलम ३७५ मधली बलात्काराची व्याख्या योनीसंभोगापुरती वाचली जात होती. अरुणावर झालेला अत्याचार त्यात बसत नव्हता. पण 'अनैसर्गिक' संभोगाचं कलम ३७७ होतं आणि त्यात जन्मठेपेपर्यंत किंवा दहा वर्षांपर्यंत शिक्षा होती. ते लागू शकलं असतं. लागलं नाही, कारण फिर्यादीत गोष्टच नव्हती.

ओघात एक सांगते. तेच ३७७ आज उरलेलं नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परस्परसंमतीचा भाग त्यातून काढला, जबरदस्तीचा भाग ठेवला. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत मात्र त्या जागी काहीच नाही. स्त्रीच्या बाबतीत बलात्काराची नवी व्याख्या रुंद असल्याने फरक पडत नाही. पण रात्रपाळीतल्या पुरुष नर्सवर किंवा वॉर्डबॉयवर असा अत्याचार झाला तर दुखापत, डांबून ठेवणं अशा कलमांवर भागवावं लागतं. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संरक्षणाच्या चर्चेत हे छिद्र कुणी दाखवताना दिसत नाही.

खटला चालला. आरोपीला खुनाचा प्रयत्न आणि जबरी चोरी यासाठी सात-सात वर्षांच्या शिक्षा झाल्या, दोन्ही एकत्र भोगायच्या. १९८० मध्ये तो सुटला. ती तेव्हा बत्तिशीच्या आत-बाहेर होती आणि केईएममध्येच होती, वॉर्ड क्रमांक ४ ला लागून असलेल्या खोलीत.

बेड

या प्रकरणात न्याय म्हणावं असं जे काही झालं ते कोर्टात झालं नाही, वॉर्डात झालं. हल्ल्यानंतर मुंबईतल्या नर्सेसनी काम बंद ठेवलं. अरुणाची नीट सोय करा आणि आमच्या कामाच्या जागा सुरक्षित करा, या दोन मागण्या एकत्र होत्या. पुढे ऐंशीच्या दशकात महापालिकेने बेड मोकळा करायला तिला दुसरीकडे हलवायचा प्रयत्न दोनदा केला. दोन्ही वेळा नर्सेस आडव्या आल्या आणि पालिकेला माघार घ्यावी लागली.

मग वर्षं गेली. मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयात एक बेड काय चीज आहे हे तिथे जमिनीवर गादी टाकून झोपलेल्यांना विचारा. त्या बेडवर एक माणूस चार दशकं ठेवायचा, तेही कुणाचा लेखी आदेश नसताना. तिला ओळखणाऱ्या नर्सेस निवृत्त झाल्या, नव्या आल्या. हळदीपूरच्या त्या मुलीला ज्यांनी कधी चालताना पाहिलं नव्हतं अशा विशी-बाविशीच्या विद्यार्थिनी तिला भरवू लागल्या. कुस्करलेलं अन्न ती तोंडाने घ्यायची. मासे किंवा चिकन सूप दिलं की चेहऱ्यावर उमटायचं, हे न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदलेलं आहे. शेवटच्या काही वर्षांत नळीने फीड द्यावं लागलं.

निकालपत्रात आणखी एक नोंद आहे, जी कायद्याचे विद्यार्थी सोडून देतात आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनी पहिली वाचतात. इतक्या वर्षांत तिला एकही बेडसोअर झाला नाही. ज्याने घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळलंय त्याला याचा अर्थ कळेल. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीला एक सुरकुती राहू द्यायची नाही, पाठ कोरडी ठेवायची, टाचांखाली मऊ काहीतरी, आणि हे रात्री तीनलाही. घरात चार महिन्यांत कंबर-टाचा लाल होतात. इथे ३७ वर्षं.

२००९ मध्ये पत्रकार पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. अरुणाचं अन्न थांबवून तिला मरू द्यावं, ही मागणी. न्यायालयाने तीन डॉक्टरांची समिती तपासणीला पाठवली. ७ मार्च २०११ रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ज्ञान सुधा मिश्रा यांनी निष्क्रिय दयामरणाला काही अटींवर, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, वाट करून दिली. पण अरुणाच्या बाबतीत याचिका फेटाळली. तिच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार विराणींचा नाही, तिला सांभाळणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, आणि त्यांना ती हवी आहे, असं न्यायालयाने धरलं. त्या दिवशी केईएममध्ये पेढे वाटले गेले.

तेव्हा अनेकांना ते पेढे खटकले. अशा जगण्यात साजरं काय करायचं? मला त्यात विचित्र काही वाटत नाही. १९७३ पासून त्या बायकांना कुठल्याही कचेरीने, कुठल्याही कोर्टाने 'हे तुमचं आहे' असं म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा कुणी म्हटलं.

तरी माझा आक्षेप आहे, आणि तो नर्सेसवर नाही. जे मालकाचं कायदेशीर देणं असायला हवं होतं ते सहकाऱ्यांची माया म्हणून पार पडलं. ड्यूटीच्या जागी, तिथल्याच माणसाच्या हातून कायमची अपंग झालेली कर्मचारी, तिच्या आयुष्यभराच्या देखभालीचा हक्क कुठल्याही कागदावर नव्हता. असता तर पालिकेला दोनदा तो बेड मागायची हिंमत झाली नसती. पीडितांना भरपाई देण्याची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५७ अ म्हणून आली ती २००९ च्या अखेरीस अमलात आली. महाराष्ट्राची मनोधैर्य योजना २०१३ ची. अरुणाच्या वाट्याला यातलं काही येण्यासारखं नव्हतं.

मृत्यूनंतर उघडलेलं दार

१८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने ती गेली. हल्ल्याला साडेएकेचाळीस वर्षं झाली होती.

त्या आठवड्यात एक प्रश्न सगळीकडे विचारला गेला. आता त्या माणसावर खुनाचा खटला भरता येईल का? बहुतेकांनी उत्तर दिलं की एकदा शिक्षा भोगलेल्याला पुन्हा उभं करता येत नाही. हे अर्धवट आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०० चं तिसरं उपकलम याच परिस्थितीसाठी होतं. एखाद्या कृत्यासाठी शिक्षा झाली, आणि त्या कृत्याचा आणखी गंभीर परिणाम नंतर घडला, तर त्या वेगळ्या गुन्ह्यासाठी नव्याने खटला चालवता येतो. कायद्यातच उदाहरण दिलं आहे : जबर दुखापतीसाठी शिक्षा झाली, जखमी माणूस नंतर मेला, तर सदोष मनुष्यवधाचा खटला चालू शकतो. तेव्हा दार बंद नव्हतं. अडचण पुराव्याची होती. १९७३ ची साखळी आणि २०१५ चा न्यूमोनिया यांच्यामधली कडी जोडायची तर १९७३ चे कागद भक्कम हवेत. आणि ते कागद कसे होते हे आपण पाहिलंच. नवा खटला उभा राहिला नाही.

आज घडलं असतं तर

कलमांच्या पातळीवर फरक प्रचंड आहे. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर २०१३ मध्ये कायदा बदलला. बलात्काराची व्याख्या रुंदावली, अरुणावर झालेला अत्याचार त्यात सरळ बसतो. त्याच वेळी कलम ३७६ अ आलं : अत्याचारात पीडितेचा मृत्यू झाला किंवा ती कायमच्या निश्चेष्ट अवस्थेत गेली तर किमान २० वर्षं, ते उरलेलं सगळं आयुष्य तुरुंगात, ते थेट मृत्युदंड. आता हेच न्याय संहितेचं कलम ६६ आहे. 'कायमची निश्चेष्ट अवस्था' हे शब्द वाचताना केईएमची ती खोली डोळ्यांपुढे आली नाही असा मराठी वकील विरळा.

खास आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीचे कायदेही आले. महाराष्ट्राचा २०१० चा : रुग्णालयात डॉक्टर-नर्सवर हल्ला किंवा तोडफोड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, मोडतोडीची दुप्पट भरपाई. २०१७ मध्ये धुळ्यात नातेवाइकांच्या मारहाणीत एका निवासी डॉक्टरच्या डोळ्याला गंभीर इजा झाली, राज्यभरचे निवासी डॉक्टर रजेवर गेले, सरकारी रुग्णालयांत सुरक्षा बलाचे जवान आले. मग कोविडमध्ये साथरोग कायद्यात २०२० ची दुरुस्ती, जबर दुखापतीला सहा महिने ते सात वर्षं.

या सगळ्या कायद्यांनी डोळ्यांपुढे ठेवलेला हल्लेखोर बाहेरचा आहे. तो पेशंटचा भाऊ आहे, दारू प्यायलेला जमाव आहे, कॅज्युअल्टीची काच फोडणारा आहे. त्याच्यासाठी गेटवर गार्ड ठेवता येतो, पास लावता येतात. अरुणाच्या हल्लेखोराला गेटवर कुणी अडवलं नसतं. तो रोज तिथूनच कामावर यायचा.

९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात पदव्युत्तर शिकणाऱ्या डॉक्टरचा बलात्कार करून खून झाला. लांबलेल्या ड्यूटीत ती सेमिनार हॉलमध्ये आडवी झाली होती. दोषी ठरलेला माणूस सिव्हिक व्हॉलंटियर, म्हणजे पोलिसांच्या मदतीला कंत्राटावर घेतलेला, रुग्णालयात बिनदिक्कत वावर असलेला. २० जानेवारी २०२५ ला त्याला जन्मठेप झाली. सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण स्वतःहून हाती घेतलं आणि २० ऑगस्ट २०२४ ला सुनावणी झाली तेव्हा अरुणा शानबाग हे नाव पुन्हा न्यायालयात घेतलं गेलं. आणि त्याच सुनावणीत न्यायालयाने विचारलेला प्रश्न १९७३ चाच होता : गुन्हा नोंदवायला इतका उशीर का, आणि रुग्णालयाने स्वतः तक्रार का दिली नाही?

न्यायालयाने नेमलेल्या राष्ट्रीय कृती दलाने पुढे सांगितलं की आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायद्याची गरज नाही, राज्यांचे कायदे आणि न्याय संहिता पुरेशी आहे. डॉक्टरांच्या संघटना नाराज झाल्या. मला कृती दलाचं म्हणणं अर्धं पटतं. शिक्षा कमी पडत नाहीयेत. कमी पडतो तो पहिला कागद, आणि तो लिहिणारा हात कुणाचा आहे हे. कर्मचाऱ्यावर त्याच संस्थेत गुन्हा घडला तर वैद्यकीय तपासणी दुसऱ्या रुग्णालयात झाली पाहिजे आणि फिर्याद द्यायची जबाबदारी नावानिशी एका अधिकाऱ्यावर, ठरलेल्या तासांत, असली पाहिजे. यासाठी नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरतं.

कडी

कामाच्या जागी लैंगिक छळ रोखण्याच्या २०१३ च्या कायद्याचं प्रशिक्षण द्यायला मी अधूनमधून रुग्णालयांत जाते. मागे एका ठिकाणी सत्र संपल्यावर एक इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, पाच मिनिटं आहेत का? एक दाखवायचंय." लिनन रूमच्या मागे, पॅसेजच्या टोकाला नर्सेसची चेंजिंग रूम. बाहेरचा बल्ब गेलेला. दाराला आतून कडी होती त्या जागी चार स्क्रूची भोकं. आत भिंतीला टेकून एक मोडका सलाईन स्टँड. तो दाराच्या मुठीखाली तिरका अडकवायचा, मग बदलायचं. रात्रपाळीला दोघी मिळून जातात, एक आत, एक बाहेर.

मी त्यांना कायदा सांगितला. त्याच कायद्याचं कलम १९ सुरक्षित जागा देणं मालकाचं कर्तव्य ठरवतं, आणि त्यात कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्यांपासूनचं संरक्षणही धरलेलं आहे. त्यांनी ऐकून घेतलं.

मग विचारलं, "ते राहू दे. उद्या मला काही झालं, तर माझी एमएलसी आमच्याच सीएमओ सरांनी, कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांनीच, करायची ना?"

मी म्हटलं, तसंच करावं लागेल असं नाही. गुन्हा कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, हद्द कुणाची हा प्रश्न नंतरचा. तपासणीही दुसऱ्या रुग्णालयात मागता येते. त्यांनी खिशातला ड्यूटीचा कागद काढला, मागच्या कोऱ्या बाजूला दोन्ही गोष्टी लिहिल्या आणि 'कुठल्याही' या शब्दाखाली रेघ मारली.

महिन्याभराने फोन केला तेव्हा बल्ब लागला होता. कडीचा कागद मेंटेनन्सकडे गेलाय म्हणाल्या.